आत्यांना वाचून दाखवलेली कोरियन मालिका

माझा नवरा एका रविवारी सकाळी केस कापायला गेला आणि सलूनच्या खुर्चीतच गेला. छत्तीस वर्षांचा होता. एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जायचा, कसलं व्यसन नव्हतं, आणि निघताना पाणी तापवून ठेव, आलोच, असं मला सांगून गेला होता. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. घरी आणला तेव्हा डाव्या बाजूचे केस कापलेले होते, उजव्या बाजूचे तसेच होते. मी बराच वेळ त्या केसांकडंच बघत बसले. रडू मला दुसऱ्या दिवशी आलं.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, मुलगी अकरा वर्षांची, आणि सासूबाई साठीच्या आसपास. त्यांचं खरं वय त्यांनाही माहीत नाही. त्यांना मी आत्या म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या नाहीत, पण आमच्या न्हावऱ्यात बऱ्याच सुना सासूला आत्याच म्हणतात. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते आणि हा त्यांचा एकुलता एक. त्यामुळं घरात उरलो आम्ही तिघी, आणि गोठ्यात एक म्हैस.

कुणी काही म्हणायच्या आत मी चौदाव्या दिवशी कामावर गेले. गावातल्या दूध संकलन केंद्रावर मी लग्नानंतर चार वर्षांनी लागले होते. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते आठ. माणसं कॅन घेऊन येतात, मी दूध मोजते, कपभर दूध मशीनला लावते, मशीन फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, दाखवतं, चिठ्ठी निघते. फॅट कमी लागली की माणसं मशीनवर चिडत नाहीत, माझ्यावर चिडतात. मीही त्यांच्याशी तेवढ्याच आवाजात बोलते. नवरा गेल्यावर काही दिवस लोक माझ्याशी हळू बोलायला लागले. तेच मला सहन झालं नाही. महिन्याभरात एक म्हातारे आप्पा फॅटवरून माझ्याशी कडाकडा भांडले, तेव्हा मला बरं वाटलं.

अवघड जायची ती दुपार. मुलगी शाळेत, केंद्र बंद, जेवणं झालेली. आत्या दाराशी बसायच्या, मी आत. टीव्ही वर्षभर लावलाच नाही. पुढं लावला, पण आपल्या मालिकांमधल्या सासवा बघून आत्यांना संताप यायचा. इतकं सोनं घालून दिवसभर घरात कोण बसतं, असं विचारून त्या उठून जायच्या.

मुलगी नववीत गेली त्या वर्षी तिच्या वर्गात कोरियन मालिकांची साथ आली होती. एका सुट्टीच्या दिवशी तिनं माझा मोबाईल टीव्हीला जोडला आणि एक मालिका लावली. बोलणं कोरियन, खाली हिंदी पट्टी. समुद्राकाठचं एक गाव. तिथं एक बाई माशांच्या सुपाची खानावळ चालवते, तिचा मुलगा बोटीवर कामाला, आणि त्याची बायको खानावळीत सासूच्या हाताखाली. पहिल्याच भागात मुलगा समुद्रात बुडतो. मुलीनं घाईघाईनं दुसरं काहीतरी लावायला मोबाईल घेतला. तिला हे ठाऊक नसावं. पण आत्या म्हणाल्या, राहू दे.

पडद्यावर सगळी माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. आत्यांनी विचारलं, ह्यांच्यात कोणी गेलं की काळं घालतात का. मुलगी म्हणाली, हो. मग ती सासू छातीवर मूठ मारून रडायला लागली.

मुलीला त्या मालिकेत पुढं गोडी राहिली नाही, ती दुसऱ्या मालिकेकडं वळली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी मला विचारलं, त्या सूपवाल्या सुनेचं पुढं काय झालं. मी मालिका लावली. आत्यांना अक्षरओळख नाही. त्यांना सही तेवढी येते, हिंदी ऐकून थोडंफार समजतं. म्हणून मी पट्टी वाचायची आणि लगेच मराठीत सांगायचं, असं सुरू झालं. रोज दुपारी एक भाग. आत्या लसूण सोलत किंवा शेंगा फोडत ऐकायच्या.

पहिले काही दिवस त्यांना माणसं ओळखू येईनात. मग त्यांनी आपली नावं ठेवली. सून म्हणजे सूपवाली, सासू म्हणजे म्हातारी, शेजारचा मासेवाला म्हणजे टोपीवाला. शब्दही त्यांच्या कानात बसायला लागले. सून सासूला 'ओमोनी' म्हणते, हे त्यांनीच मला दाखवलं. टोपीवाल्याची पोरगी बापाला 'आप्पा' म्हणाली, तेव्हा त्या हातातली शेंग ठेवून म्हणाल्या, "ही तर आपलीच भाषा हाय की." त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. नवरा गेल्यावर घरात पहिल्यांदा हसलो, असं म्हणणार नाही, कारण ते मला आठवत नाही. पण त्या हसल्यावर आम्ही दोघीही दचकलो नाही, हे आठवतं.

आता मशीनवाल्याचं सांगायला हवं. आमच्या केंद्रावरचं मशीन तपासायला महिन्यातून एकदा एक माणूस यायचा. दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या केंद्रांची मशीनं त्याच्याकडं. मोटारसायकलला हत्यारांची पिशवी बांधून फिरायचा. हे काम तो पाबळच्या शाळेत शिकला होता, जिथं पोरांना वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं हातानं करायला लावतात. तिथलीच सवय असावी, पण तो मशीन नुसतं दुरुस्त करून जात नसे. नळी कशी धुवायची, आकडा चुकतोय हे कसं ओळखायचं, परत जागेवर कसा आणायचा, हे त्यानं मला शिकवलं. आधीचा मशीनवाला झाकण उघडताना माझ्याकडं पाठ करायचा. ह्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, उघडा.

मला काम शिकवणारी माणसं आवडतात. तो आवडतो हे मला त्यामुळं उशिरा कळलं. मला वाटायचं, मशीन आवडायला लागलंय.

पावसाळा संपत आला होता त्या दिवसांत. केंद्र बंद करून मी कॅन धूत होते आणि तो पिशवी बांधत होता. त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही परत लग्नाचा विचार केलाय का? मी माझ्यासाठीच विचारतोय. न्हाई म्हणालात तरी मशीन बघायला मी येणारच हाय, त्याचं टेन्शन घेऊ नका."

मी कॅन धुवायची थांबले नाही. सांगते म्हणाले. आणि पुढं जवळजवळ तीन महिने काहीच सांगितलं नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात मालिकेत एक नवा माणूस आला. गावातल्या शाळेत पोरांना पोहायला शिकवणारा. सूपवाली नवरा गेल्यापासून समुद्राकडं बघतही नव्हती आणि हा रोज सकाळी पोरांना घेऊन पाण्यात उतरायचा, मग खानावळीत सूप प्यायला यायचा. आत्यांनी विचारलं, हा कोण.

पट्टीवर लिहिलं होतं, नवे शिक्षक. मी म्हणाले, "लांबचा भाऊ आहे तिचा."

का म्हणाले, हे त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं. आता येतं. त्या माणसाची गोष्ट माझ्या तोंडून आत्यांना सांगायची, तर माझा आवाज बदलणार, हे मला माहीत होतं. आणि आवाज बदलला की आत्या पडद्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघणार.

एकदा भाऊ म्हटलं की पुढं सगळं बदलत न्यावं लागतं. त्यानं तिला बूट आणून दिले, मी म्हणाले भाऊबीजेचे आहेत. कोरियात भाऊबीज असते का, असं आत्यांनी विचारलं. मी म्हणाले, असते. तो पावसात तिच्यासाठी छत्री घेऊन उभा राहिला, मी म्हणाले घरून निरोप आणलाय, तिची आई आजारी आहे. तिकडं ते दोघं समुद्राकाठी बसून एकमेकांना काय काय सांगत होते, आणि मी इकडं त्या आजारी आईचा ताप उतरवत होते, चढवत होते. पट्टी वाचायची मनात, आणि सांगायचं वेगळंच. काही दिवसांनी त्यात मी इतकी तरबेज झाले की एक भाग संपला तरी मला खरी गोष्ट आणि माझी गोष्ट, दोन्ही पाठ असायच्या.

आत्या ऐकून घ्यायच्या. मध्येच विचारायच्या, आईला बरं वाटलं का तिच्या. मी हो म्हणायचे.

मग तो भाग आला. दुपारचे दोन वाजले असतील. खानावळ बंद झालेली, म्हातारी भांडी पुसतेय, आणि सूपवाली तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. पट्टीवर जे लिहून येत होतं ते मी मनात वाचलं. मी म्हणाले, "आज सुपात मीठ जास्त झालं, त्याची माफी मागतेय."

आत्यांनी लसणाची सुपली बाजूला ठेवली. "थांबव ते," म्हणाल्या.

मी थांबवलं.

"भाऊ न्हाई तो तिचा. मला वाचाया येत न्हाई, दिसतंय तर समदं. भावाचा हात लागला म्हणून अशी कोन दचकती? आन् मीठ जास्ती झालं म्हणून सासूच्या पायापाशी बसून कोन रडतं? मागं घे, आन् खरं हाय ते वाच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मालिका मागं घेतली आणि वाचायला लागले. सूपवाली म्हणत होती, आई, मला त्या माणसाबरोबर राहावंसं वाटतं. मी तुम्हाला न विचारता जाऊ शकले असते. पण मला तुम्हाला विचारायचं होतं. म्हातारीनं हातातलं फडकं घडी घालून ठेवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, तू गेलीस तर माझा मुलगा दुसऱ्यांदा मरेल.

तेवढं वाक्य मी वाचलं. पडद्यावर सूपवाली उठून निघून गेली आणि भाग संपला.

आत्या उठल्या, बाहेर गेल्या. म्हशीला पाणी पाजल्याचा आवाज आला, मग बादली ठेवल्याचा. मी आत तशीच बसून होते. मला वाटत होतं, आता त्या विचारतील आणि मी नाही म्हणेन. काहीच नाही म्हणेन. तेवढं खोटं मी अजून बोलू शकले असते.

त्या पदराला हात पुसत आत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"ती बाई चुकली," त्या म्हणाल्या. "मेल्यालं मानूस दुसऱ्यांदा कसं मरंल? तिला भ्या वाटतंय, आपुन एकटी पडू म्हणून. मग तसं म्हणावं. पोराचं नाव कशाला फुडं करायचं?"

मी मान खाली घातली.

"मला बी भ्या वाटतंय," आत्या म्हणाल्या. "पर मी तुला तसं म्हणनार न्हाई. मशीनवाला काय म्हणतोय?"

त्यांना सगळं माहीत होतं. संध्याकाळी म्हशीचं दूध त्याच केंद्रावर घेऊन यायच्या. महिन्याला येणारा माणूस आठवड्याला यायला लागला, हे त्यांनी कधीच हेरलं होतं. बाकीच्या केंद्रांवरची मशीनं धड चालतात आणि तुझंच तेवढं कसं बिघडतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला रडता रडता हसू आलं. मग मी सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, मी अजून उत्तर कसं दिलेलं नाही, तो कुठला, घरी कोण. तोही आमच्यातलाच आहे, त्यांच्या वस्तीवरच्या विहाराचं वायरिंग त्यानंच केलंय, हेही सांगितलं. त्याचं आधी एक लग्न झालं होतं आणि फारकत झाली, हे सांगताना मी जरा थांबले. आत्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

मुलीला सांगणं जास्त अवघड गेलं. ती शाळेतून आल्यावर मी तिला सांगितलं, तर तिनं दप्तर न काढता ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आजीशी बोलायची. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना म्हणाली, "मी त्यांना पप्पा म्हणणार नाही." मी म्हणाले, नको म्हणू, कुणी तुला म्हणायला लावणार नाही. ती म्हणाली, "आणि पप्पांचा फोटो हलवायचा नाही." फोटो आजीच्या घरात आहे, तिथंच राहील, असं मी सांगितलं. तिनं आणखी एक भाकरी घेतली. त्या वयात यापेक्षा जास्त होकार मी मागितला नाही.

आत्यांनी मात्र एक गोष्ट ठरवून टाकली. लेक द्यायची तर घर बघायला हवं. तो गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. आपण मुलीकडचे आहोत, आपल्या पायानं जाऊ. मग आम्ही दोघी एका गुरुवारी सकाळचं केंद्र आटपून चौफुल्याच्या एसटीत बसलो. पारगावला नदीचा पूल आला तसं आत्यांनी खिडकीतून पाणी बघितलं आणि त्या सूपवालीला पोहता आलं की नाही शेवटी, असं विचारलं. अजून दोन भाग राहिले आहेत, मी म्हणाले. चौफुल्याहून सहासीटरनं खुटबाव.

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये जुनी मशीनं सुटी करून मांडलेली. घरात त्याचे वडील, गुडघ्यानं बेजार झालेले, आणि तो. आत्या त्यांना आबा म्हणाल्या, तब्येत विचारली, आणि मग उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडून बघितले. पिठाचा डबा भरलेला, मसाल्याचा डबा पुसलेला. चहा त्यानंच केला. आत्यांनी विचारलं, भांडी कोण घासतं. तो म्हणाला, मीच. मी ओशाळून बाहेर बसले होते, पण आतलं सगळं ऐकू येत होतं.

चहा झाल्यावर त्यांनी त्याच्या वडिलांसमोर त्याला विचारलं, "पहिली का गेली?"

आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानंच त्यांना थांबवलं आणि म्हणाला, "चूक माझी जास्त व्हती. तिला पुण्यात नोकरी लागली व्हती, मी जाऊ दिलं न्हाई. दोन वर्षं आम्ही एका घरात राहून बोललो न्हाई. मग ती गेली. आता नोकरी करती, चांगलं चाललंय तिचं."

"आन् ही दुधाचं काम सोडनार न्हाई म्हणाली तर?"

"सोडू नयेच," तो म्हणाला. "माझ्याकडं इतकी केंद्रं हायत, ह्यांच्याएवढं मशीन कुनालाच कळत न्हाई."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नाच्या बोलण्यात माझ्या कामाची तारीफ होईल, असं मला वाटलं नव्हतं. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. न्हावरं जवळ आल्यावर म्हणाल्या की चहात साखर लई घालतोय, पण विचारलं ते सरळ सांगतो.

गावात बातमी फुटायला दोन दिवस लागले. चुलत दीर घरी आले. माझ्याशी न बोलता त्यांनी आत्यांना घराण्याच्या अब्रूचं सांगितलं, पोरीचं लग्न उद्या कसं होईल ते सांगितलं. आत्यांनी त्यांना पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, की पोरगा गेल्यापासून आज कितव्यांदा आलास. ते नवऱ्याच्या जलदान विधीला आले होते, त्यानंतर थेट आता. पाणी पिऊन ते गेले. लोक बोलले, नाही असं नाही. केंद्रावर दूध घालायला आलेल्या एका बाईनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. मी तिची फॅट सांगितली, चिठ्ठी दिली आणि पुढच्याला बोलावलं. मला तेव्हा जाणवलं की मी कुणाची परवानगी मागत नाहीये. जिची मागायची होती तिनं मला आधीच दिली होती.

भांडण झालं ते माझं आणि आत्यांचंच. मी म्हणत होते की तुम्ही आमच्याबरोबर राहायचं. त्या म्हणाल्या, तुझ्या नव्या संसारात मी कोण म्हणून राहू. मी म्हणाले, आत्या म्हणून. त्या हटेनात. माझं घर आहे, म्हैस आहे, मला कुणाच्या दारात नेऊ नको. तीन दिवस आम्ही एकमेकींशी तुसड्यासारख्या वागलो. शेवटी त्यानंच मार्ग काढला. त्याचं काम फिरतीचं, तो कुठंही राहिला तरी चालणार होतं. त्यानं न्हावऱ्यातच, केंद्राच्या मागं, दोन खोल्या भाड्यानं बघितल्या आणि आबांनाही घेऊन यायचं ठरवलं. आत्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटं. मुलीनं वाटेल तेव्हा इकडं राहावं, वाटेल तेव्हा आजीकडं. आत्यांनी हे मान्य केलं, पण एका अटीवर, की मी त्यांच्यासाठी रोज डबा आणायचा नाही. त्यांना माझ्या हातची भाजी कधीच आवडलेली नाही, हे मला तेव्हा समजलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आम्ही मालिकेचे शेवटचे दोन भाग बघितले. ह्या वेळी मी शब्दन् शब्द खरा वाचला. सूपवाली गाव सोडून जाते. म्हातारी वर्षभर तिच्याशी बोलत नाही, खानावळ एकटीनं चालवते, एक दिवस थकून बंद करते आणि गाडी पकडून सुनेच्या शहरात जाते. सून आता पोहायला शिकलेली असते. दोघी स्टेशनवरच्या बाकावर बसतात, म्हातारी डब्यातून आणलेलं सूप तिला देते, आणि मालिका संपते. पट्टीवर शेवटी म्हातारीचं एकच वाक्य होतं, गार व्हायच्या आत पी. ते मी वाचलं. आत्यांना शेवट आवडला नाही. वर्षभर रुसून काय मिळवलं त्या बाईनं, असं म्हणाल्या. एवढ्या दिवसांत दोघींनी मिळून किती सूप प्यायलं असतं.

लग्न आमच्या वस्तीवरच्या विहारात, रविवारी सकाळी अकराला झालं. वंदना, मग एकमेकांना हार, मग सगळ्यांना जेवण. मी पांढरी साडी नेसले होते, आमच्यात लग्नाला पांढरीच नेसतात. ती आत्यांनी शिरूरला जाऊन स्वतः आणली होती आणि दुकानात दोन तास लावले होते. नोंदणीच्या वेळी मुलीकडून सही कोण करणार, असं विचारलं गेलं. माझा भाऊ पुढं झाला. आत्यांनी त्याला हातानं बाजूला सारलं, पेन घेतलं आणि सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो. एकेक अक्षर काढेपर्यंत सगळे थांबून होते. मुलगी मोबाईलवर फोटो काढत होती. स्वतः एकाही फोटोत आली नाही, पण आजीच्या सहीचे तिनं पाच-सहा फोटो काढले.

ह्याला आता दोन वर्षं होतील. मुलगी अकरावीत आहे आणि ह्यांना, म्हणजे मशीनवाल्याला, काका म्हणते. दहावीत असताना सायन्सचे सर्किटचे प्रश्न ह्यांच्याकडून समजून घ्यायची आणि समजलं की उठून आजीकडं निघून जायची. आता थोडा वेळ बसते. आत्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं, तेव्हा त्यांना मोटारसायकलवर नाही, गाडी सांगून ह्यांनी नेलं आणि तीन दिवस डोळ्यात थेंब टाकायला वेळेवर जात राहिले. मी भांडले तरी माझा डबा न घेणाऱ्या आत्या ह्यांनी नेलेला डबा घेतात. तो ह्यांनीच केलाय हे माहीत असतं म्हणून खातात.

नवऱ्याच्या स्मृतिदिनाला दर वर्षी आत्यांच्या अंगणात वंदना आणि जेवण असतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो दिवस आला, तेव्हा ह्यांनी यावं की नाही, हे मी ठरवू शकत नव्हते. ते मी त्यांच्यावरच सोडलं. सकाळी मी पोचले तेव्हा ते माझ्या आधीच तिथं होते. मांडव बांधून झाला होता, माईकची वायर ओढून झाली होती, आणि ते शिडीवरून उतरत होते. वंदना सुरू झाली तेव्हा ते सगळ्यात मागं, गेटपाशी जाऊन बसले. लोकांच्या माना मागं वळत होत्या.

आत्यांनी वंदना होऊ दिली. ती संपल्यावर, चुलत दीर आणि सगळे बघत असताना, त्यांनी तिथूनच ह्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "तिकडं काय बसलायसा? म्होरं या. फुलं वाहायला घरातल्या मानसांनी असावं."

हे उठून पुढं आले. मुलीनं बाजूला सरकून त्यांना जागा दिली, आणि आम्ही चौघांनी फोटोला फुलं वाहिली. मग पंगत बसली आणि मी वाढायला घेतलं.